लकव्यानंतर चेंडू दाबत राहावा का?

लकवा मारलेल्या माणसाच्या हातात घरचे लोक पहिल्यांदा काय देतात? रबरी चेंडू. "दाबत राहा, ताकद येईल." मूठ आधीच घट्ट मिटलेली असेल, तर हा सल्ला उलट्या दिशेचा आहे.

मेंदूला इजा झाली की स्नायूंना आवर घालणारे संदेश कमी पडतात. हातात त्याचा परिणाम बहुधा बोटे आणि मनगट वाकवणाऱ्या स्नायूंवर दिसतो. मूठ आवळते, अंगठा आत जातो. अशा हाताला मिटणे जमतेच. जमत नाही ते उघडणे, धरलेली वस्तू सोडणे. चेंडू नेमका त्याचाच सराव देत नाही. हात नुसता अशक्त असेल, बोटे सहज उघडत असतील, तर चेंडू खुशाल वापरा.

बोटे ओढून सरळ करू नयेत. झटक्याने स्नायू आणखी आवळतो. आधी मनगट खाली वाकू द्यावे, म्हणजे बोटांवरचा ताण सैल पडतो. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्यावा, बोटे हळूहळू उघडावीत आणि शेवटी मनगट सावकाश वर आणावे. दुखले की थांबावे.

नुसत्या ताणण्यावरही फार विसंबू नये. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांत ताणण्याने सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून हात मोकळा झाल्यावर लगेच पेला धरणे-सोडणे, टॉवेल सरकवणे अशी कामे करून घ्यावीत. कडकपणा फारच असेल तर डॉक्टर स्नायू सैल करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन सुचवतात. त्याचा असर साधारण ३ महिने टिकतो, आणि सराव त्याच काळात करायचा असतो.