फुटपाथवर पडलात, तर दावा कोणावर?

निखळलेल्या पेव्हर ब्लॉकला अडकून कोणाचा पाय मोडला की ठाणे शहरात सल्ला ठरलेला असतो: "महापालिकेवर केस करून काही होत नाही, सरकारला सगळं माफ असतं." हा समज निम्माच खरा आहे.

त्याचं मूळ 1861 च्या एका रस्त्यावरच्याच अपघातात आहे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतले सरकारी कामगार भर रस्त्यातून अवजड लोखंड नेत होते. ते दाणकन खाली पडलं, पी अँड ओ या जहाज कंपनीच्या गाडीचे घोडे बुजले, एक जखमी झाला. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने कंपनीला भरपाई दिली, पण निकालात सरकारी कामाचे दोन भाग पाडले. सार्वभौम अधिकारातलं, म्हणजे फक्त सरकारच करू शकतं असं काम दाव्यापासून सुरक्षित. खासगी माणूसही करू शकेल असं काम मात्र सुरक्षित नाही. कंपनीला साडेतीनशे रुपये मिळाले. पुढच्यांच्या वाट्याला ही विभागणी आली.

संविधानाच्या कलम 300 ने तीच स्थिती चालू ठेवली. विधी आयोगाने 1956 च्या आपल्या पहिल्याच अहवालात स्पष्ट कायदा सुचवला होता. पुढे आलेली विधेयकं बारगळली. मग सगळं न्यायालयांवर आलं, आणि तिथे एकवाक्यता नव्हती. उदयपूरला सरकारी जीपने फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाला उडवलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. तीनच वर्षांनी, मेरठ पोलिसांच्या ताब्यातून सोनं नाहीसं झालं तेव्हा मात्र उत्तर प्रदेश सरकार सार्वभौम अधिकाराच्या आडून सुटलं.

महापालिकांना ही ढाल तशी कधी पुरली नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला जुना घड्याळ मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसं दगावली. 1966 मध्ये दिल्ली महापालिका हरली. उलट राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून पादचारी मेला, तेव्हा 1997 मध्ये महापालिका सुटली. थोडक्यात, निष्काळजीपणा सिद्ध करणं आलंच.

आपल्याकडची खरी अडचण मात्र प्रक्रियेत आहे. ठाणे (1982) आणि नवी मुंबई (1992) या दोन्ही महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात. त्याचं कलम 63 रस्त्यांची देखभाल बंधनकारक करतं. कलम 487 सांगतं की आधी लेखी नोटीस द्या, महिनाभर थांबा आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा लावा. प्लास्टर, फिजिओथेरपी, रजेचे अर्ज यांतच सहा महिने कुठे जातात कळत नाही. शिवाय नोटीस कोणाला द्यायची? ठाण्याच्या घोडबंदर रोडला मुख्य रस्ता, सेवारस्ता आणि उड्डाणपूल यांचे मालक वर्षानुवर्षं वेगळे राहिले. नवी मुंबईत सिडको, एमआयडीसी आणि महापालिका यांच्या हद्दी शोधाव्या लागतात. माझ्या मते सार्वभौमत्वापेक्षा या टोलवाटोलवीनेच जास्त दावे मेले.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यातून आडवाट काढली. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये. भरपाई ठरवायला आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि ती रक्कम दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करायची. आदेश खड्डा आणि मॅनहोल यांबद्दल बोलतो. फुटपाथचा सुटलेला ब्लॉक त्यात बसतो का, यावर वाद होणारच. तोवर कलम 487 ची नोटीस वेळेत देऊन ठेवलेली बरी.