विहिरीचा अर्ज परत येतो तो इथे: 500 मीटर, 500 फूट आणि 150 मीटर

रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीचा अर्ज परत आला की त्यावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: "अंतराची अट पूर्ण होत नाही." कोणतं अंतर, कशापासून मोजलं, कोणी मोजलं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. माणूस पेरणीची कामं सोडून चार वेळा तालुक्याला जातो आणि शेवटी नाद सोडतो. म्हणून आधी अंतराचंच बघू.

अंतरं दोन आहेत. पहिलं 500 मीटर. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा जो सार्वजनिक उद्भव आहे, म्हणजे नळयोजनेची विहीर किंवा बोअर, त्याच्या 500 मीटरच्या आत नवी सिंचन विहीर मंजूर होत नाही. दुसरं 150 मीटर, दोन सिंचन विहिरींमधलं. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी ज्या कृषी स्वावलंबन आणि बिरसा मुंडा योजना आहेत, तिथे हेच दुसरं अंतर फुटांत यायचं: 500 फुटांच्या आत दुसरी विहीर नसल्याचा दाखला (2024 मध्ये ही अट रद्द करायचं ठरलं, पण आकडा लोकांच्या डोक्यात राहिला). 500 फूट म्हणजे साधारण 152 मीटर. सगळा घोळ इथे होतो. कोणी 500 मीटरच्या जागी 500 फूट धरून नळयोजनेच्या विहिरीजवळ जागा ठरवतो, तर कोणाला शेजाऱ्याची विहीर 500 मीटरच्या आत आहे म्हणून परत पाठवलं जातं. दोन्ही चूक.

150 मीटरच्या अटीला सूट आहे आणि ती टेबलावर कोणी आपण होऊन सांगत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना ही अट लावायची नाही. शेजाऱ्याची विहीर त्याने स्वतःच्या पैशाने खोदलेली खाजगी असेल, तर तिच्यापासूनही 150 मीटर मोजायचे नाहीत. 4 नोव्हेंबर 2022 च्या शासन निर्णयात हे स्पष्ट लिहिलं आहे. त्याची प्रत अर्जाला जोडा आणि त्या ओळीखाली रेघ मारा.

500 मीटरचं मात्र तसं नाही. त्यात मार्ग काढून द्या म्हणून लोक येतात, पण मी त्यांना नाहीच म्हणतो. आपल्या मराठवाड्याच्या बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. उद्भवाशेजारी नवी विहीर पडली आणि तिच्यावर ऊस उभा राहिला, की फेब्रुवारी-मार्चमध्येच गावच्या विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची मागणी सुरू होते. मांजरा धरण कोरडं पडलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना ही अट जाचक वाटू नये. तुमचं शेत बागायत व्हावं, ही माझीही मनापासून इच्छा आहे. पण त्याच गावात तुमचीही लेकरं पाणी पिणार आहेत.

त्यामुळे अर्जाआधीच जागा मोजा. गटाच्या मधोमध बोट ठेवू नका. उद्भवापासून लांबचा कोपरा निवडा, फोनवरच्या नकाशात सरळ रेषेत अंतर बघा आणि ग्रामपंचायतीकडून चालू उद्भव कोणता, हे लेखी घ्या. जल जीवन मिशनमध्ये बऱ्याच गावांना नवी विहीर मिळाली, तरी कागदावर जुनीच चालू दिसते. तांत्रिक सहाय्यक पाहणीला येतील तेव्हा शेतात स्वतः हजर राहा. जागा दोन नाल्यांच्या मधली, किमान 30 सेंटिमीटर माती आणि 5 मीटर मुरूम असलेली हवी. वर खडक उघडा दिसतो तिथे, किंवा डोंगराच्या कड्यापासून 150 मीटरच्या आत, विहीर धरत नाहीत.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. त्यावर आधीच विहिरीची नोंद असेल तर अर्ज तिथेच संपतो. आजोबांच्या काळातली बुजलेली विहीर कागदावर अजून जिवंत असते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) पंचनाम्यासाठी अर्ज देऊन ती नोंद आधी कमी करून घ्या. याला महिने लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकांची नोंद) भरताना भावाच्या विहिरीचं पाणी घेता म्हणून सिंचनाचं साधन "विहीर" निवडलं असेल, तर तेही तपासा.

तिसरी अडचण वाटणीची. सलग 0.40 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, जमीन लागते. तीन भावांत वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर तीस-पस्तीस गुंठे राहिले, तर एकट्याचा अर्ज बसत नाही. अशा वेळी सामुदायिक विहीर मागा. सगळ्यांचं मिळून सलग क्षेत्र 0.40 हेक्टरपेक्षा जास्त असलं की चालतं, फक्त पाणी वापराचा करारनामा सगळ्यांच्या सहीने लागतो. कोणाला कोणता वार, मोटारीचं बिल कोण भरणार, हे त्यातच लिहून घ्या. पाण्यावरून भावाभावांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत.

बाकी कागद नेहमीचे: ऑनलाइन सातबारा, ऑनलाइन आठ-अ, जॉब कार्डची प्रत, आणि सामुदायिक विहीर असेल तर क्षेत्र सलग असल्याचा पंचनामा. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, ग्रामसभेची मंजुरी घ्यायची, पुढे पंचायत समिती. अनुदानाची रक्कम शासन निर्णयागणिक बदलते (2022 च्या निर्णयात ती 4 लाख रुपये होती), म्हणून चालू आकडा तिथेच विचारा.

विहिरीला पाणी कमी लागलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: बाजूला सहाशे फुटांचं बोअर घे. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट, ही मर्यादा आहे. कर्ज काढून त्याखाली जाऊ नका.

अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. परत आलाच तर नुसत्या शेऱ्यावर घरी येऊ नका. कोणत्या विहिरीपासून किती मीटर भरलं, हे त्याच कागदावर लिहून मागा.