भुरी, नायटा आणि कोलेस्टेरॉलची गोळी

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. भुरी या बुरशीजन्य रोगावर मारलं जाणारं हेक्साकोनॅझोल हे औषध बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाही. आपल्या पेशींच्या आवरणात जे काम कोलेस्टेरॉल करतं, तेच बुरशीत एर्गोस्टेरॉल करतं. दोन्ही तयार होण्याची वाटसुद्धा बरीच लांबपर्यंत एकच. हेक्साकोनॅझोल त्या वाटेवर उशिरा आडवं येतं. कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी अगदी सुरुवातीलाच. अशा गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात.

गंमत अशी की पहिलं स्टॅटिन सापडलं तेच मुळी बुरशीत. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचा तर्क होता, की शेजारच्या सूक्ष्मजीवांचा काटा काढायला एखादी बुरशी ही वाट अडवणारं रसायन नक्की बनवत असणार. हजारो सूक्ष्मजीव चाळल्यावर १९७३ साली तांदळावरच्या एका पेनिसिलियम बुरशीत त्यांना ते मिळालं. बाजारात पहिलं आलं ते लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये. तेही बुरशीचंच.

गोळी रक्तातली चरबी 'विरघळवते' असं पुष्कळांना वाटतं. तसं काही होत नाही. यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनू लागलं की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतात. या ग्राहकांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडली, तर ग्राहक पुन्हा कमी होतात आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. उलट डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. म्हणून डॉक्टर अनेकदा एझेटिमाइब हे दुसरं औषध जोडतात. ते आतड्यातूनच कोलेस्टेरॉल शोषू देत नाही.

आता नायट्याकडे. तोही बुरशीचाच आजार. पावसाळ्यात जांघेत, काखेत चट्टे उठतात आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू होतात. हे हेक्साकोनॅझोलचंच भाऊबंद. पण ते आपल्या यकृतातलं एक एन्झाइमही बंद पाडतं, आणि सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांचा निचरा त्याच एन्झाइमवर अवलंबून असतो. निचरा थांबला की स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. फळांत ग्रेपफ्रूट (पपनसासारखं आंबट फळ) या कामात बदनाम आहे. द्राक्षांचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, ती खुशाल खावीत.

त्वचेच्या डॉक्टरांना रक्तदाब-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. सांगितलं, तर मार्ग आहेत: नायट्याचा कोर्स संपेपर्यंत स्टॅटिन थांबवता येतं, किंवा त्या एन्झाइमवर फारसं विसंबून नसलेलं रोसुव्हास्टॅटिन देता येतं. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. दोन्ही औषधं सोबत घेतली गेली असतील आणि मांड्या-दंड ठणकू लागले, जिना चढताना पाय उचलेनासे झाले किंवा लघवी तपकिरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे स्नायूंची इजा कळण्यासाठी सीपीके नावाची रक्ततपासणी सांगतात.