अलार्म पॅनलला नेट मॉड्यूल जोडताना: लाइन मेली हे कळणार कोणाला?

घरच्या अलार्म पॅनलला नेटवर्क मॉड्यूल, म्हणजे त्याचे निरोप इंटरनेटवरून पाठवणारा छोटा बोर्ड, जोडायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती मोबाइलवरचं नोटिफिकेशन. ते येतं आणि कामाचंही आहे, पण मला विचाराल तर या एवढ्याशा बोर्डाचं सगळ्यात मोठं काम दुसरंच आहे. बाहेर जाणारी लाइन कोणी कापली किंवा ती आपोआप बंद पडली तर ते पलीकडे मॉनिटरिंग सेंटरमधे आपल्या अलार्मवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला काही सेकंदांत किंवा मिनिटांत कळणं, हे ते काम. फोन लाइनच्या जमान्यात हे खूप उशिरा कळायचं.

गंमत म्हणजे ही युक्ती पॅनलच्या आत आधीपासूनच आहे. दाराचा किंवा खिडकीचा सेन्सर पॅनलच्या ज्या झोनला (सेन्सरसाठीच्या इनपुटला) जोडतात त्या वायरच्या अगदी टोकाला एक रेझिस्टर लावतात, काही पॅनलमधे तो ५.६ किलोओहमचा असतो, काहींमधे २ किलोओहमचा वगैरे. घरात सगळं शांत असताना सुद्धा या वायरमधून थोडासा करंट सतत वाहत असतो आणि पॅनल तो बघत असतं. वायर कापली तर करंट शून्य होतो, दोन वायर एकमेकींना चिकटवल्या तर एकदम वाढतो, म्हणजे दोन्ही प्रकारची छेडछाड पकडली जाते. म्हणून तो रेझिस्टर टोकालाच पाहिजे. बरेच जण सोय म्हणून पॅनलच्या डब्यातच लावून मोकळे होतात आणि मग बाहेरची वायर शॉर्ट झाली तरी पॅनलला सगळं आलबेल दिसत राहतं.

घराच्या आत इतकी काळजी, पण घराबाहेर निरोप न्यायचं काम मात्र वर्षानुवर्षं साध्या टेलिफोन लाइनवर होतं. काही घडलं की पॅनल मॉनिटरिंग सेंटरला फोन लावतं, तिकडचा रिसीव्हर फोन उचलून १४०० आणि २३०० हर्ट्झचे दोन छोटे सूर ऐकवतो, मग पॅनल फोनच्या बटणांसारखे टोन वाजवून आकडे पाठवतं. ही कॉन्टॅक्ट आयडी पद्धत, आणि तिचा निरोप फक्त १६ आकड्यांचा. समजा १२३४ १८ ११३० ०१ ००३ ७ असं गेलं. १२३४ हा अकाउंट नंबर, १८ म्हणजे हा कॉन्टॅक्ट आयडीचा निरोप आहे, पुढचा १ म्हणजे नवीन घटना (परत नॉर्मल झालं तर तिथे ३ येतो), १३० म्हणजे घरफोडी, ०१ हा पार्टिशन (सिस्टिमचा वेगळा चालूबंद करता येणारा भाग) आणि ००३ हा झोन. शेवटचा ७ पडताळणीचा, शून्याला १० धरून सगळ्या आकड्यांची बेरीज १५ च्या पटीत आली पाहिजे, इथे ती ७५ येते, करून बघा. एक टोन साधारण ५० मिलिसेकंद आणि मधली शांतता तेवढीच, म्हणजे अख्खा निरोप दीड-पावणेदोन सेकंदात जातो. बरोबर पोचला की रिसीव्हर परत १४०० हर्ट्झचा सूर देतो आणि पॅनल फोन ठेवतं.

पद्धत सुंदर आहे, पण तिच्यात एक मोठं भोक आहे. पॅनल एरवी गप्प असतं, दिवसातून किंवा आठवड्यातून एकदा ६०२ नंबरचा टेस्ट निरोप पाठवतं, बस्स. रात्री कोणी घराबाहेरची फोनची वायर कापली तर सायरन कदाचित वाजेल, कीपॅडवर ट्रबलही (बिघाडाची सूचना) दिसेल, पण सेंटरला पुढचा टेस्ट निरोप चुकेपर्यंत काहीच कळणार नाही. त्यात आता घरातला फोन बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरूनच चालतो, तिथे आवाज कॉम्प्रेस होऊन जातो, माणसाच्या कानाला फरक जाणवत नाही पण हे टोन विस्कटतात आणि पॅनल पुन्हा पुन्हा डायल करत बसतं.

नेट मॉड्यूल जोडलं की चित्र उलटं होतं. तेच आकडे आता आयपी पॅकेटमधे भरून जातात (एसआयए डीसी-०९ हे त्याचं एक बरंच वापरलं जाणारं स्टँडर्ड, त्यात कॉन्टॅक्ट आयडीचा मजकूर घालायची सोय आहे), पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉड्यूल ठराविक वेळाने 'मी आहे' एवढंच सांगत राहतं, पहारेकऱ्याने दर थोड्या वेळाने हाक द्यावी तसं. हाक आली नाही की सेंटरकडे अलार्म. युरोपच्या ईएन ५०१३६ स्टँडर्डमधे याच्या एसपी नावाच्या पायऱ्याच ठरवल्यात, एसपी२ मधे लाइन मेल्याचं कळायला २५ तास चालतात, एसपी४ मधे ३ मिनिटं आणि एसपी६ मधे फक्त २० सेकंद. त्यामुळे मॉड्यूल घेताना ॲप किती चकचकीत आहे हे विचारण्याआधी ही हाक किती वेळाने जाते आणि चुकली तर पलीकडे कोण बघतं, हे नक्की विचारा.

प्रत्यक्ष जोडणी त्यामानाने सोपी असते. पॅनलचा मेन सप्लाय आणि बॅटरी दोन्ही काढायचं, एक काढून भागत नाही. मग कीपॅड ज्या चार वायरच्या बसवर (सगळ्या उपकरणांच्या सामाईक लाइनवर) असतात तिथेच मॉड्यूल जोडायचं, दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या, पण रंग आणि क्रम पॅनलप्रमाणे बदलतो म्हणून डायग्राम बघूनच. काही पॅनलना बसऐवजी बोर्डवर वेगळा सीरियल कनेक्टर असतो. नंतर अकाउंट नंबर, रिसीव्हरचा आयपी, पोर्ट आणि एन्क्रिप्शनची की (निरोप कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली) भरायची. एन्क्रिप्शन चालू ठेवाच, आणि पॅनलचं घड्याळही बरोबर ठेवा, कारण डीसी-०९ च्या एन्क्रिप्टेड निरोपात वेळ घातलेली असते, कोणी जुना निरोप पकडून परत पाठवू नये म्हणून, आणि घड्याळ फार पुढेमागे असेल तर रिसीव्हर निरोप नाकारतो. राउटरवर बाहेरून आत येणारा पोर्ट उघडायची गरज सहसा नसते कारण मॉड्यूल स्वतःच आतून बाहेर कनेक्शन करतं. कोणी उघडायला सांगितलं तर का ते विचारा, तो पोर्ट अख्ख्या जगाला दिसतो.

आता बॅटरी, जिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. समजा पॅनल, कीपॅड आणि सेन्सर मिळून ३५० मिलिॲम्पिअर घेतायत आणि बॅटरी ७ ॲम्पिअर-अवरची आहे, तर कागदावर २० तास मिळतात. मॉड्यूलने १५० मिलिॲम्पिअर आणखी घेतले तर एकूण ५०० झाले आणि २० चे १४ तास झाले, खरंतर थोडे कमीच, कारण लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता बहुधा २० तासांच्या हिशोबाने लिहिलेली असते आणि जास्त करंट ओढला की ती घटते. शिवाय पॅनलचं ऑक्झिलरी आउटपुट (जोडलेल्या उपकरणांना वीज देणारं) किती करंट देऊ शकतं याची मर्यादा मॅन्युअलमधे असते, ती ओलांडली की बसचं व्होल्टेज खाली येतं आणि कीपॅड विचित्र वागायला लागतात, मग लोक मॉड्यूलला दोष देतात.

आणि राउटर? वीज गेली की पॅनल बॅटरीवर जागं राहतं, वीज गेल्याचा ३०१ नंबरचा निरोप तयार करतं, पण राउटर बंद, फायबरचा डबा बंद, निरोप जाणार कुठून! राउटर, फायबरचा डबा आणि मधे स्विच असेल तर तोही, सगळ्यांना यूपीएस पाहिजे, नाहीतर पॅनलच्या बॅटरीचे ते सगळे तास फक्त सायरनसाठी उरतात.

जोडून झालं की सेंटरला कळवून सिस्टिम टेस्टवर टाका आणि नेटची केबल सरळ काढा. कीपॅडवर ट्रबल किती वेळात येतो आणि सेंटरला किती वेळात कळतं, दोन्ही घड्याळ लावून बघा, कारण पहिलं झालं म्हणून दुसरं होतंच असं नाही. मग केबल परत लावून राउटरची वीज काढून तेच करा. मोबाइल नेटवर्कचं सिम असलेला दुसरा मार्ग असेल तर या दोन्ही वेळी निरोप तिकडून गेला पाहिजे. आणि दुसरा मार्ग म्हणून जर राउटरच्याच मागे लावलेला इंटरनेट फोन दिलेला असेल तर तो दुसरा मार्ग धरू नका, राउटर गेला की दोन्ही एकदम जातात.