पानाचा फोटो आणि औषधाचं माप

सोयाबीनच्या पानाला भोकं दिसली की मराठवाड्यात आज हात आधी खिशातल्या मोबाइलकडे जातो. पान उलटं करायचं, खालच्या बाजूचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. धुऱ्यावरून घरी पोचेपर्यंत औषधाचं नाव आलेलं असतं. हे इतकं अंगवळणी पडलंय, की आधी विचारायची सोय किती थोडी होती हे आता आठवावं लागतं.

१९५६ च्या सुरुवातीला पुणे आकाशवाणीनं दीडशे गावांत श्रोता मंडळं बसवली. शेतकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणजे या मंडळांच्या बाहेर. परभणीचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं १८ मे १९७२ ला, दुष्काळाच्या वर्षात. पुढे रेडिओनं आणि दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’नं शिफारशी घरात आणल्या, पण माझ्या वावरात हे असं का झालं, हे त्यांना विचारता येत नव्हतं. ते विचारायला जवळचा माणूस एकच, तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातला दुकानदार. उधारी त्याच्याकडे, सल्लाही त्याचाच.

२१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं आणि फोनवरून फुकटात, आपल्या भाषेत प्रश्न विचारता येऊ लागला. अडचण वेगळीच होती. ‘पानं पिवळी पडलीत’ एवढ्यावरून समोरच्यानं काय ओळखावं? पाणी साचलंय, लोह कमी पडलंय, की पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आलाय?

२००८ च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला, तेव्हा कीड दिसल्यावर धावण्यात अर्थ नाही हे सरकारलाही पटलं. त्यातून २००९ मध्ये ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षणाचा सरकारी प्रकल्प आला. ठरलेल्या शेतांत सर्वेक्षकांनी अळ्या मोजायच्या, आकडे संगणकात भरायचे, आणि नुकसानीची पातळी गाठली जातेय असं दिसलं की शेतकऱ्याला एसएमएस. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो, कारण सल्ला पहिल्यांदाच आपल्या भागातल्या मोजणीवरून येऊ लागला.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोटो, व्हिडिओ गावोगाव पोचले. २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा सापळा, कसा लावायचा हे लोकांनी पडद्यावर पाहिलं. २०२० ला सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही म्हणून ओरड झाली. त्यानंतर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण तपासण्याचे व्हिडिओ हातोहात फिरले. सत्तरच्या वर दाणे उगवले की घरचं बियाणं पेरायला हरकत नाही, हे गणित पोराबाळांनाही पाठ झालं. २०२२ ला लातूर, धाराशिव, बीडमध्ये गोगलगायींनी कोवळं सोयाबीन खाल्लं, तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाकून सकाळी गोगलगायी वेचायची युक्तीही अशीच पसरली.

पण फोटोवरचा सल्ला अर्धवट पोचतो, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. फवारणीच्या शिफारशीत औषधाचं माप दहा लिटर पाण्याला दिलेलं असतं. खाली एक ओळ असते: हे प्रमाण साध्या पंपासाठी, पॉवर स्प्रेसाठी तिप्पट. पुढे पाठवता पाठवता नेमकी हीच ओळ गळते. मग कुणी पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर स्प्रेमध्ये साध्या पंपाचं माप टाकतो आणि औषध लागू पडत नाही म्हणतो. कुणी साध्या पंपात तिप्पट ओततो.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून प्रश्न उलट दिशेनंही येऊ लागले. सातबाऱ्यावर कोणतं पीक नोंदवायचं ते शेतकऱ्यानं वावरात उभं राहून फोटोसह सांगायचं. पीक विम्यासाठी नुकसानीची खबरही २०२४ पर्यंत ७२ तासांच्या आत द्यावी लागे. ज्याच्याकडे साधाच फोन आहे, तो पाहणीसाठी शेजारच्या पोराला वावरात घेऊन जातो.

खुरपणी करणाऱ्या बाईला अळी सगळ्यांत आधी दिसते, कारण दिवसभर तीच पिकात वाकलेली असते. मोबाइल असतो नवऱ्याच्या खिशात, आणि ग्रुपमध्ये नंबरही त्याचाच. तिचा प्रश्न संध्याकाळी, तो घरी आल्यावर पुढे जातो.