पीपल्स टेंपल आणि जोन्सटाउन

जिम जोन्स (१९३१–१९७८) या अमेरिकी धर्मोपदेशकाने १९५० च्या दशकाच्या मध्यास इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे स्थापन केलेला पंथ म्हणजे पीपल्स टेंपल. दक्षिण अमेरिकेतील गयाना या देशात, जंगल तोडून वसवलेल्या जोन्सटाउन या पंथाच्या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी जोन्ससह ९०९ माणसे मरण पावली. त्यांत ३०० हून अधिक अल्पवयीन मुले होती. करिष्मा असलेल्या नेत्याच्या कह्यात गेलेल्या समूहाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून ही घटना सांगितली जाते. तथापि तिचा उलगडा त्या एका दिवसात नव्हे, तर त्याआधीच्या वीसेक वर्षांत होतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या मते करिष्म्याची सत्ता परंपरेवर किंवा कायद्यावर नव्हे, तर नेत्याच्या ठायी काही असामान्य आहे या अनुयायांच्या श्रद्धेवर उभी असते, आणि म्हणूनच ती वारंवार सिद्ध करून दाखवावी लागते. पीपल्स टेंपलमध्ये ही सिद्धता प्रथम नेता अनुयायांना देत होता. पुढे मात्र ती अनुयायांनी नेत्याला द्यायची, असा उलटा क्रम सुरू झाला. सारा धोका या उलटापालटीत होता.

आरंभीचे काम खरोखर चांगले होते, हे नाकारता येत नाही. वर्णभेद रूढ असलेल्या काळात जोन्सच्या प्रार्थनासभेत काळे आणि गोरे शेजारी बसत. पंथाने अन्नछत्र चालवले, वृद्धांची सोय केली. समतेच्या ओढीने आलेली ही माणसे मूर्ख किंवा भोळसट होती, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. याच सभांत जोन्स रोग बरे करण्याचे चमत्कारही दाखवी. कोंबडीची नासलेली आतडी व मांसाचे तुकडे आधीच तयार ठेवून ते रोग्याच्या शरीरातून बाहेर पडलेले कर्करोगाचे गोळे म्हणून सभेत मिरवले जात. ही हातचलाखी निकटच्या सहकाऱ्यांना ठाऊक होती, किंबहुना त्यांच्या मदतीवाचून ती शक्यच नव्हती. परंतु चांगल्या कार्यासाठी एवढे चालायचेच, अशी मनाची समजूत घालून ते गप्प राहिले.

१९६५ मध्ये पंथ कॅलिफोर्नियात गेला आणि १९७० नंतर सॅन फ्रान्सिस्कोत त्याला राजकीय वजन प्राप्त झाले. शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर जोन्सची नेमणूक झाली. आत मात्र निष्ठेची किंमत वाढत होती. सदस्यांनी घरेदारे व मिळकत पंथाच्या नावे करावी, न केलेल्या गुन्ह्यांचे कबुलीजबाब सही करून द्यावेत, भर सभेत एकमेकांचे दोष सांगावेत आणि शिक्षा म्हणून मार खावा, जोन्सला ‘डॅड’ म्हणावे, असे एकेक पाऊल पडत गेले. प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा थोडेच पुढचे असल्याने ते अंगवळणी पडे. आणि पंथ सोडायचा तर घर, पैसा, नातलग व आयुष्याची इतकी वर्षे एकदमच सोडावी लागत.

१९७७ मध्ये एका नियतकालिकात पंथातील अत्याचारांना वाचा फुटण्याच्या सुमारास जोन्स गयानाला निघून गेला आणि त्याच्यामागोमाग शेकडो अनुयायी तेथे पोहोचले. पारपत्रे काढून घेण्यात आली, पत्रे तपासली जाऊ लागली आणि ध्वनिवर्धकावरून जोन्सचा आवाज दिवसरात्र कानी पडू लागला. ‘पांढऱ्या रात्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसंगी सर्वांना जमवून शत्रू चालून आल्याचे सांगण्यात येई. एकदा तर विष म्हणून पेय पाजल्यावर ही केवळ निष्ठेची परीक्षा होती, असे जाहीर करण्यात आले. निष्ठा सिद्ध करण्याची पाळी आता अनुयायांवर आली होती.

नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन वसाहत पाहण्यास गेले. परतताना काही रहिवासी त्यांच्यासोबत निघाले, तेव्हा पोर्ट कैटुमाच्या धावपट्टीवर पंथाच्या बंदूकधाऱ्यांनी रायन, तीन पत्रकार आणि पंथ सोडून निघालेली एक स्त्री यांना ठार केले. त्याच संध्याकाळी वसाहतीत सायनाइड मिसळलेले सरबत आणण्यात आले. पहिली पाळी मुलांची होती. तान्ह्यांच्या तोंडात ते सुई नसलेल्या पिचकारीने घालण्यात आले. भोवती शस्त्रधारी पहारा होता. या घटनेला सर्रास ‘सामूहिक आत्महत्या’ म्हटले जाते, पण ज्यांना संमती म्हणजे काय हेही कळत नव्हते, त्या मुलांच्या बाबतीत हा शब्द वापरणे चूक आहे. त्यांची हत्या झाली.

त्या अखेरच्या सभेचे सुमारे ४४ मिनिटांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात क्रिस्टीन मिलर ही स्त्री जोन्सला विरोध करताना ऐकू येते. रशियाला जाण्याचा मार्ग अजून खुला नाही का, असे ती विचारते आणि मुलांना जगण्याचा हक्क आहे, असे म्हणते. जोन्स तिच्याशी वाद घालतो; तिला ओरडून गप्प करतात ते मात्र तिचेच सोबती. त्या दिवशी तीही मरण पावली. ओळख न पटलेल्या किंवा कोणी ताब्यात न घेतलेल्या ४०० हून अधिक मृतांचे पुढे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एव्हरग्रीन दफनभूमीत एकत्र दफन करण्यात आले. त्यांत मुलांची संख्या मोठी आहे.