तीन शिरूर आणि एक तक्ता

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा महसूल मंडळनिहाय (म्हणजे तालुक्यातील गावांच्या गटांनुसार) पाऊस एकत्र अभ्यासायचा असे एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले, तर त्याच्या हाती बहुधा आठ वेगवेगळ्या एक्सेल फायली येतात आणि त्या एकाखाली एक चिकटवल्या की काम संपले, अशी त्याची समजूत होते. चिकटवण्याचे काम खरोखरच किरकोळ आहे. एक्सेलमधील ‘पॉवर क्वेरी’ला फायलींचा फोल्डर दाखवला किंवा पायथन भाषेतील ‘पांडाज’ला एक आज्ञा दिली, की आठ काय, आठशे फायलीही एका तक्त्यात येतात. कस लागतो तो त्याआधी: दोन फायलींतल्या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत की नाहीत, हे माणसालाच ठरवावे लागते, कारण संगणक केवळ अक्षरे जुळवून पाहतो.

एका फायलीत ‘उस्मानाबाद’ आणि दुसरीत ‘धाराशिव’, एकीत ‘औरंगाबाद’ आणि दुसरीत ‘छत्रपती संभाजीनगर’ असले, तर संगणकाच्या लेखी आठाचे दहा जिल्हे होतात. ‘अंबाजोगाई’ आणि ‘अंबेजोगाई’ हे त्याला दोन तालुके वाटतात. इतकेच काय, ‘परळी’च्या पुढे चुकून एक मोकळी जागा टंकली गेली असेल, तर तीही त्याला वेगळी परळी वाटते आणि आपल्या डोळ्यांना ती जागा दिसतही नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे नाव तेच, पण गोष्ट वेगळी. हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला, तर लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून. त्यामुळे 1998 चा परभणी आणि 2000 चा परभणी यांच्या बेरजा शेजारी मांडून पाऊस किंवा पेरा घटला असे म्हणणे म्हणजे कापलेल्या भाकरीचे वजन साबूत भाकरीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

आतापर्यंत आपण ओळींखाली ओळी जोडत होतो. पावसाच्या शेजारी सोयाबीनचे क्षेत्रही हवे असेल, तर तक्ते बाजूला जोडावे लागतात आणि त्यासाठी दोन्हींत समान असा एक स्तंभ लागतो. तालुक्याचे नाव त्या कामी अपुरे पडते. शिरूर कासार बीडमध्ये आहे, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये आणि नुसते शिरूर पुण्यात. कळंब धाराशिवमध्येही आहे आणि यवतमाळमध्येही. राज्यभराच्या तक्त्यात या तिघांपुढे फक्त ‘शिरूर’ लिहिलेले असेल, तर पावसाची एक ओळ तिन्ही शिरूरांना जाऊन चिकटते, एकाच्या तीन ओळी होतात, बेरीज फुगते आणि पडद्यावर चूक झाल्याची कोणतीही सूचना येत नाही. म्हणून जोडणी जनगणनेच्या संकेतांकावर करावी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील तालुक्यांचे पाच अंकी संकेतांक शून्याने सुरू होतात. हा स्तंभ मजकूर म्हणून वाचण्यास सांगितले नाही, तर एक्सेल ते शून्य मुकाट्याने गिळते.

तारखांचेही असेच आहे. एक्सेल तारीख क्रमांकाच्या रूपात साठवते (1 जून 2024 म्हणजे 45444) आणि 05/06/2024 ही पाच जून की सहा मे, हे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवते. एक्सेलच्या या तारीखवेडामुळे अखेर 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च1’ हे जनुक तक्त्यात पडताच एक मार्च होत असे. पावसाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. मोजमाप सकाळी साडेआठला होते आणि आकडा मागील चोवीस तासांचा असतो; एका फायलीत तो मोजणीच्या तारखेला आणि दुसरीत आदल्या दिवशी लिहिला असेल, तर एकच पाऊस दोन दिवस पडलेला दिसतो.

रिकामा रकाना आणि शून्य यांची गल्लत मात्र मला सर्वांत घातक वाटते. चार मंडळांपैकी तिघांचे आकडे 40, 20 आणि 0 असे आहेत आणि चौथ्याची नोंदच झालेली नाही, असे समजा. खरी सरासरी 20 मिलिमीटर येते. रिकाम्या जागी शून्य भरले की ती 15 होते, आणि दुष्काळी भागात हा फरक किरकोळ नसतो. प्रत्येक फायलीच्या तळाशी असलेली ‘एकूण’ची ओळ तक्त्यात आली, तर उलट बेरीज थेट दुप्पट होते.

जोडणी झाल्यावर ओळींची संख्या मोजावी, हे सांगण्याची गरज वाटत नाही. पण 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी अहवालातून गळाल्या, त्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत म्हणून. नव्या प्रकारात ही मर्यादा 10,48,576 आहे. सर्व फायलींच्या ओळींची बेरीज आणि अंतिम तक्त्यातील ओळी जुळल्या, तरच पुढे जावे.

तक्त्यात आणखी एक स्तंभ ठेवावा: ही ओळ कोणत्या फायलीतून आली. एखाद्या मंडळात एका दिवसात 650 मिलिमीटर पाऊस दिसला, तर हा स्तंभ पाहून मूळ फाइल उघडता येते आणि तिथे 65.0 मधला दशांशचिन्हाचा ठिपका हरवला होता का, हे तपासता येते. नुकसानभरपाईसाठी धरली जाणारी अतिवृष्टीची रेषा 65 मिलिमीटरवरच असल्याने तो ठिपका त्या मंडळातल्या शेतकऱ्यांच्याही कामाचा असतो.